डोंबिवलीत पाऊस, चिलीत टेलिस्कोप: भाड्याने दुर्बीण घेऊन आकाशाचे फोटो कसे काढतात

दिव्याची अमावास्या होती, सकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर धो धो पाऊस. आई घासलेले दिवे पाटावर मांडत होती आणि मी लॅपटॉप घेऊन बसले होते, कारण त्या वेळी चिलीत रात्रीचे साडेदहा झाले होते आणि तिथला एक टेलिस्कोप माझ्यासाठी धनू राशीकडे वळत होता. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, स्क्रीनवर हळूहळू सरकणारे आकडे थोडा वेळ बघितले आणि म्हणाले, "दुर्बीण त्यांची, कॅमेरा त्यांचा, आकाशसुद्धा त्यांचंच. मग यात तू काय करतेस?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हा मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे असं समजा, कारण गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी हेच विचारलंय, की हे ऑनलाइन टेलिस्कोप भाड्याने घेणं म्हणजे नक्की काय, आणि पैसे घालवण्याआधी काय माहीत असावं.

आधी हे करायचंच कशाला ते सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेलं असतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आकाशगंगेचा सगळ्यात श्रीमंत भाग, म्हणजे धनू आणि वृश्चिक राशीकडचा मधला पट्टा, रात्री छान वर येतो. म्हणजे ताट वाढून ठेवलंय आणि दार बंद आहे. पावसाळा संपला की शहराचा उजेड आहेच. आकाश किती अंधारं आहे हे मोजायला हौशी लोक बॉर्टल स्केल वापरतात, जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली, १ म्हणजे काळाकुट्ट अंधार आणि ९ म्हणजे शहराचा मध्यभाग. आमच्या गच्चीवरून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच तारे दिसतात. वांगणीला जाऊन रात्र काढण्यात जी मजा आहे तिला तोड नाही, ती मी सोडणार नाही, पण तिथेही आता सगळीकडून उजेड वाढत चाललाय. आणि स्वतःची फोटोग्राफीची चांगली दुर्बीण, माउंट, थंड केलेला कॅमेरा असं सगळं घ्यायचं म्हटलं तर खर्च सहज लाखांत जातो, तो करून ते सामान ठेवायचं कुठे तर टू बीएचकेच्या बाल्कनीत.

म्हणून भाड्याची दुर्बीण. आणि इथे एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, भाड्याने मिळणारी सगळ्यात महाग वस्तू काच नसते, जागा असते. अशा दुर्बिणी बसवलेली ठिकाणं जगात मोजकीच आहेत आणि त्यांची निवड फार विचार करून झालेली असते. चिलीत रिओ हुर्तादोच्या खोऱ्यात, अटाकामा वाळवंटाच्या दक्षिणेला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूनाबाराब्रानजवळ सायडिंग स्प्रिंगला. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात, स्पेनमध्ये डोंगरातल्या छोट्या गावांजवळ. चिलीचंच घ्या. तिथल्या किनाऱ्याने प्रशांत महासागरातला थंड हंबोल्ट प्रवाह वाहतो, त्यामुळे खालची हवा थंड आणि वरची गरम असा उलटा थर बसतो, ढग आणि समुद्राचं धुकं खालीच अडकून राहतं आणि डोंगरमाथे कोरडे राहतात. शिवाय समुद्रावरून येणारा वारा सलग, न घुसळता येतो. तारे लुकलुकतात ते हवेच्या घुसळण्यामुळे, आपल्याला ते दिसायला गोड वाटतं पण फोटोत तेच लुकलुकणं ताऱ्याचा ठिपका फुगवून टाकतं आणि बारीक तपशील पुसून जातो. या स्थिर हवेला खगोलवाले 'सीइंग' चांगलं आहे असं म्हणतात. व्हेरा रुबिन वेधशाळा ज्या सेरो पाचोन डोंगरावर उभी आहे तो याच भागात आहे, म्हणजे व्यावसायिक शास्त्रज्ञांनी जे आकाश निवडलं त्याच आकाशाखाली आपल्याला तासाच्या हिशोबाने जागा मिळते. मला यात खरंच कमाल वाटते.

आता तिथे असतं काय? मोठा घुमट डोळ्यासमोर आणू नका. बहुतेक ठिकाणी एक लांबट शेड असते, तिचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकतं. आत एकेका खांबावर एकेक दुर्बीण, आणि खांबाचा पाया शेडच्या जमिनीपासून वेगळा ओतलेला, म्हणजे कोणी चाललं तरी हादरा दुर्बिणीपर्यंत पोचत नाही. पृथ्वी फिरते त्यामुळे तारे सरकतात, ते सरकणं भरून काढायला दुर्बीण ज्याच्यावर बसते तो माउंट उलट दिशेने सावकाश फिरत राहतो. कॅमेऱ्याचा सेन्सर शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंत थंड केलेला असतो, कारण गरम सेन्सर स्वतःच खोटे ठिपके तयार करतो. फोटो घेताना दुर्बीण कुठे बघतेय हे तपासायला सॉफ्टवेअर आधी एक छोटा फोटो काढतं, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी यादीशी ताडून बघतं आणि जरा चूक असेल तर स्वतः दुरुस्त करतं. फोकसही मोटर करते. बाहेर हवामानाचा खांब असतो, त्यावर ढग ओळखणारा सेन्सर, तो काम करतो कसा तर आकाशाचं तापमान मोजून. मोकळं आकाश फार थंड असतं, ढग आला की ते तापमान वर चढतं, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की कोणाला न विचारता छप्पर बंद.

तुमच्याकडे फक्त ब्राउझर. लॉगिन करायचं, दुर्बीण निवडायची, वस्तूचं नाव टाकायचं, कुठला फिल्टर, किती सेकंदांचे किती फोटो ते भरायचं आणि वेळ बुक करायची. काही सेवांमध्ये तुम्ही त्या वेळी बसून बघू शकता, काहींमध्ये विनंती टाकून ठेवायची आणि योग्य रात्र मिळाली की यंत्रणा स्वतः फोटो घेऊन फाइल ठेवून देते.

सेवा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. आयटेलिस्कोप ही जुनी आणि मोठी, वेगवेगळ्या देशांत दुर्बिणी, पॉइंट विकत घ्यायचे आणि तासाप्रमाणे ते वळते होतात. टेलिस्कोप लाइव्हच्या दुर्बिणी स्पेन, चिली आणि ऑस्ट्रेलियात, तिथे स्वतःची विनंती टाकता येते आणि तयार घेतलेले डेटाचे संचही मिळतात, ते बाकी सभासदांनाही मिळतात. स्लूह २००३ पासून आहे, कॅनरी बेटांवरच्या टाइडे डोंगरावरून, तिथे सगळ्यांनी मिळून लाइव्ह बघण्यावर जास्त भर, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरांना ती बरी. आणि एकदम फुकट हवं असेल तर हार्वर्ड-स्मिथसोनियन सेंटरची मायक्रोऑब्झर्व्हेटरी. तिथल्या दुर्बिणी सहा इंची, छोट्या, वस्तूंची ठरलेली यादी असते, त्यातली एक निवडायची, एक्स्पोजर (किती सेकंद प्रकाश घ्यायचा ते) निवडायचं, ईमेल द्यायचा आणि फोटो मेलवर येतो. माझं प्रामाणिक मत असं की कोणीही पैसे भरायच्या आधी इथून पाच-सहा फोटो मागवावेत. चित्र काही भिंतीवर लावण्यासारखं येणार नाही, पण खगोलातली कच्ची फाइल कशी असते, ती उघडून उजळायची कशी, हे हात बसवायला याहून चांगली जागा नाही.

हे सगळं हौशी लोकांचं खेळणं आहे असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर आपली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, ती चालवली जाते बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. तिच्या शेजारी २०१८ पासून ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची, ती तर यंत्रमानवासारखी स्वतःच निरीक्षणं घेते आणि पवईत बसलेले विद्यार्थी त्या डेटावर काम करतात. म्हणजे दुर्बिणीपासून हजारो किलोमीटर लांब बसणं ही आता मूळ पद्धतच झालीय. दुसरी गोष्ट डिसेंबर २०१० ची. लिओनिद एलेनिन हे मॉस्कोजवळ राहणारे, त्यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली ४५ सेंटिमीटरची दुर्बीण इंटरनेटवरून वापरली आणि तिच्या फोटोंमध्ये एक नवा धूमकेतू शोधला. त्याला त्यांचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी सूर्याजवळ जाताना तो विखरून गेला, पण नोंद कायमची राहिली.

आता माझ्या चुकीकडे येते, कारण या विषयात सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पहिल्यांदा बुकिंग केलं तेव्हा मला वाटलं मोठी दुर्बीण म्हणजे चांगला फोटो. लगून तेजोमेघ (नेब्युला, म्हणजे आकाशातला वायू-धुळीचा ढग) घ्यायचा होता, यादीतला क्रमांक एम ८, धनू राशीतला, चार-पाच हजार प्रकाशवर्षं लांब, आणि मी निवडली ४३ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण. फोटो आला तो बघून मला कळेना हे काय आहे. सगळीकडे नुसता उजळ धूर आणि मधे थोडी खळबळ. तेजोमेघाचा मधला तुकडा फक्त चौकटीत बसला होता, गणपतीच्या फोटोत नुसतं पोट यावं तसं. हातचे पॉइंट गेले होते.

हे टाळायला एकच गणित लागतं आणि ते पाचवीतल्या मुलाला जमेल. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला दुर्बिणीच्या फोकल लेंग्थने (आरसा किंवा भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर) भागा, ५७.३ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे आकाशाचे किती अंश चौकटीत बसतील. माझ्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ २९३९ मिलिमीटर होती आणि सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम ०.७ अंश. लगून तेजोमेघ पसरलाय दीड अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो, म्हणजे लगून तीन चंद्र शेजारी ठेवल्याएवढा लांब, कसा बसणार? तोच सेन्सर ५३० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या, १०६ मिलिमीटर भिंगाच्या छोट्या दुर्बिणीला लावला तर ३.९ अंश मिळतात, त्यात लगून तर बसतोच, वर दीड अंशावर असलेला ट्रिफिड तेजोमेघही शेजारी येतो. आणि या छोट्या दुर्बिणीचं भाडं कमी असतं. मोठा आरसा हवा तो लांबच्या, लहान दिसणाऱ्या दीर्घिकांना (गॅलक्सींना), ग्रहीय तेजोमेघांना, गोलाकार तारकागुच्छांना. देवयानी दीर्घिका मात्र तीन अंशांची आहे, तिला छोटीच बरी. चौकट आधी बघायला स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दुर्बीण आणि सेन्सरचे आकडे टाकले की आकाशावर चौकोन काढून दाखवतं. आता मी तो चौकोन बघितल्याशिवाय बुकिंगच्या पानावर जात नाही.

यानंतरचा प्रश्न वेळेचा. बहुतेक सेवा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. सुरुवातीला यात सगळ्यांचा गोंधळ होतो, तारीखही बदलते, त्यामुळे मी एका कागदावर लिहून तो स्क्रीनच्या बाजूला चिकटवलाय. जुलैच्या शेवटी चिलीतली पूर्ण अंधारी रात्र म्हणजे आपली पहाटे साधारण पाच ते दुपारी साडेतीन. सायडिंग स्प्रिंगला तिथल्या हिवाळी वेळेप्रमाणे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. स्पेनमध्ये उन्हाळ्यात मध्यरात्र म्हणजे आपली पहाट साडेतीनची, म्हणून स्पेन मी शक्यतो रांगेत टाकून झोपते. चिली मला सगळ्यात सोयीचं, सकाळी चहाच्या वेळेला तिथे मध्यरात्र असते.

पण रात्र आहे म्हणजे वस्तू वर आहे असं नाही. तुमची वस्तू क्षितिजापासून निदान ३० अंश वर हवी. ३० अंशांवर बघताना प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट जाड हवेतून येतो, त्याच्या खाली गेलं की रंग आणि तपशील दोन्ही जातात. डोंबिवलीतून लगून तेजोमेघ जास्तीत जास्त ४६ अंश चढतो, चिलीत तो ८४ अंशांवर जातो, जवळजवळ डोक्यावर. हा फरक नुसत्या आकड्याचा नाही, फोटोत तो सरळ दिसतो. दक्षिणेच्या दुर्बिणी घेण्याचं हेच मोठं कारण. ईटा करीनाचा तेजोमेघ आपल्याकडून अकरा अंशांपलीकडे वर येतच नाही, झाडं-इमारती आणि धुरळ्यात गडप होतो, आणि तिथल्या आकाशात तो मुख्य पाहुणा आहे. उलट देवयानी, सप्तर्षींकडच्या दीर्घिका हव्या असतील तर युटा किंवा स्पेन, चिलीतून त्या दिसणार नाहीत किंवा फार खाली राहतील.

मग चंद्र. पौर्णिमेच्या आसपास काही ठिकाणी भाड्यात चांगली सूट मिळते आणि नवीन माणूस त्या सवलतीला भुलतो. चंद्राचा उजेड सगळं आकाश धुऊन टाकतो, दीर्घिकांच्या कडा तर दिसतच नाहीत. तरीही ही सूट फुकट जाऊ देऊ नका, ती नॅरोबँड फिल्टरसाठी वापरा. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर लाल प्रकाश देतो, एकाच ठरलेल्या रंगात, आणि चंद्राचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर असा लावायचा की त्या ६५६.३ च्या आजूबाजूचे दोन-चार नॅनोमीटर तेवढे आत येतील, मग तेजोमेघ सगळा आत आणि चंद्र बहुतेक सगळा बाहेर. हायड्रोजन-अल्फा म्हणतात तो हा. ऑक्सिजनचा ५००.७ वर असतो, तो निळसर हिरवा, त्याला चंद्राचा त्रास थोडा जास्त. गंधकाचा ६७२ च्या जवळ. हबलच्या प्रसिद्ध फोटोंमध्ये गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवतात, म्हणून ते सोनेरी-निळे दिसतात. त्याला हबल पॅलेट म्हणतात.

इथले कॅमेरे बहुतेक कृष्णधवल असतात, हे ऐकून लोक दचकतात. रंग फिल्टरमधून येतो, लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि नंतर एकत्र करायचे, शिवाय तपशिलासाठी ल्युमिनन्स नावाचा पारदर्शक फिल्टर. मोबाइलच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलसमोर कायमचा एकेक रंग बसवलेला असतो, त्यामुळे एका वेळी पाव भाग पिक्सेलच लाल प्रकाश पकडतात. कृष्णधवल सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल कामाला लागतो, आणि भाड्याच्या तासात तेच परवडतं.

किती फोटो? एका लांबलचक फोटोपेक्षा पाच मिनिटांचे बारा घेतलेले बरे. वाऱ्याने एखादा हलला, एखाद्यातून उपग्रह गेला, तर एकच टाकावा लागतो. हे बारा फोटो एकावर एक रचून सरासरी काढली की खरा प्रकाश तसाच राहतो आणि वेडावाकडा कचरा कमी होतो. पण तो किती कमी होतो हे नीट समजून घ्या. वेळ चौपट केला की फोटोचा दर्जा दुप्पट होतो, चौपट होत नाही. एका तासाचा फोटो दुप्पट गुळगुळीत करायचा तर चार तास, आणखी दुप्पट करायचा तर सोळा. म्हणून पहिल्यांदा दहा वस्तूंचे पाच-पाच मिनिटं घेण्यापेक्षा एकच उजळ वस्तू निवडा आणि तिला पुरेसा वेळ द्या. लगून, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, मृगातला मोठा तेजोमेघ, असं काहीतरी. अंधूक दीर्घिकांच्या मागे सुरुवातीलाच लागू नका.

पैशाचं सांगते. दर दुर्बिणीप्रमाणे, सभासदत्वाच्या प्लॅनप्रमाणे आणि चंद्राप्रमाणे बदलतात, छोट्या दुर्बिणीचा तास काही हजार रुपयांत पडतो आणि मोठ्याचा त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज. भरण्याआधी एक गोष्ट वाचाच, पैसे शटर उघडं असलेल्या वेळेचे लागतात की पूर्ण बुकिंगच्या वेळेचे. दुर्बीण वळणं, फोकस, फिल्टर बदलणं, फाइल साठवणं यात तासातली दहा मिनिटं सहज जातात, ती कोणाच्या खात्यातली हे आधी कळलेलं बरं. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करावे लागतात आणि बँक डॉलरच्या दरावर स्वतःचा आकार लावते, तो धरून हिशोब करा. आणि ढग आले तर? बहुतेक ठिकाणी वाया गेलेली वेळ परत मिळते, पण कधी कधी ती मागावी लागते. माझ्या एका सत्रात पातळ ढग होते, सेन्सरने ते पकडले नाहीत, छप्पर उघडंच राहिलं आणि अर्ध्या फोटोंमध्ये प्रत्येक ताऱ्याभोवती भलंमोठं वलय आलं. सेवेचं नाव घेत नाही, पहिल्या मेलला तर 'सिस्टिमप्रमाणे आकाश स्वच्छ होतं' एवढंच उत्तर मिळालं. मग मी चांगली आणि खराब फाइल, दोन्हींतल्या त्याच ताऱ्यांचे तुकडे शेजारी लावून, वेळ लिहून पाठवले तेव्हा पॉइंट परत आले. म्हणून फाइल आल्या की त्याच दिवशी उघडून बघायच्या, महिन्याने बघून उपयोग नाही.

फाइल येतात त्या फिट्स नावाच्या. पूर्ण फ्रेम सेन्सरची एकेक जवळजवळ सव्वाशे एमबीची, पन्नास फोटो म्हणजे सहा जीबी, वायफाय आणि हार्ड डिस्क तयार ठेवा. पहिली फाइल उघडली की धक्का बसतो, सगळा काळा पडदा आणि चार-दोन पांढरे ठिपके. मला वाटलं फोटो फेल गेला. तसं काही नसतं. या फाइलमध्ये उजेडाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात आणि तेजोमेघाचा सगळा माल अगदी खालच्या काही पायऱ्यांत कोंबलेला असतो. सिरिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात खालच्या पट्टीत ऑटोस्ट्रेच निवडा. त्या क्षणी काळ्या पडद्यातून तेजोमेघ वर येतो, राखाडी, मधून काळ्या धुळीची वाट गेलेली, पाण्याखालून काहीतरी वर यावं तसा. मी किती फाइल उघडल्या असतील याचा हिशोब नाही पण हा क्षण अजून शिळा झालेला नाही. जवळ जाऊन बघा, पिक्सेलच्या पातळीवर, तर इकडे तिकडे एकेक भगभगीत पांढरा चौकोन दिसेल, ते गरम पिक्सेल. कुठे अंधूक गोल कडी दिसेल, मेदूवड्यासारखी, ती फिल्टरवरच्या धुळीच्या कणाची सावली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली सरळ रेघ, तो उपग्रह.

हे सगळं काढायला तीन प्रकारचे मदतनीस फोटो असतात, सेवा ते सोबत देते किंवा आधीच लावून दुरुस्त केलेली फाइल देते. डार्क म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच तापमानाला घेतलेला फोटो, त्यात फक्त सेन्सरचा स्वतःचा कचरा असतो, तो वजा करायचा. फ्लॅट म्हणजे सारख्या उजेडाच्या पडद्याचा फोटो, त्यात धुळीच्या कड्या आणि कडेचा अंधार उतरतो, त्याने भागायचं. बायस म्हणजे शून्य वेळाचा फोटो, कॅमेऱ्याचा पायाचा आकडा. आणि उपग्रहाची रेघ रचताना जाते. त्याच जागी अकरा फोटोंत एकसारखा आकडा आहे आणि बाराव्यातच तो भलताच उंच आहे, तर सॉफ्टवेअर त्या एकाला सरासरीत घेतच नाही. याच कारणासाठी दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम चार-पाच पिक्सेल सरकवतात, त्याला डिथरिंग म्हणतात, मग गरम पिक्सेलसुद्धा प्रत्येक फोटोत आकाशाच्या वेगळ्या जागी पडतो आणि तसाच गाळला जातो. बुकिंग करताना डिथरची खूण करायला विसरू नका.

त्यानंतर रंग जोडणं, उजळणं, तारे जळू न देता मंद भाग वर आणणं. यात माझे चार-पाच दिवस जातात, दोन फोटोंत तर पंधरवडा गेला. जास्त ताणलं की तेजोमेघ प्लास्टिकचा दिसायला लागतो आणि तो मोह फार होतो. मी रात्री केलेलं काम सकाळी उजेडात परत बघते आणि बहुतेक वेळा थोडं मागे घेते.

आता बाबांचा प्रश्न. फोटो कोणाचा? माझं म्हणणं सरळ आहे, दुर्बीण भाड्याची होती हे फोटोखाली लिहायचंच, कुठली दुर्बीण, कुठला देश, किती तास, कुठले फिल्टर, आणि तयार डेटा विकत घेतला असेल तर तेही. ग्रीनिचच्या रॉयल वेधशाळेच्या खगोलछायाचित्र स्पर्धेत एकेकाळी अशा रोबोटिक दुर्बिणींच्या फोटोंसाठी वेगळं बक्षीसच होतं, म्हणजे त्याला मान आहे, फक्त नाव लपवू नये. थंडीत कुडकुडत स्वतःचा माउंट ध्रुवताऱ्याला लावणाऱ्या माणसाचे कष्ट वेगळे आणि मोठे आहेत, त्यांच्या शेजारी आपला फोटो ठेवताना एवढा प्रामाणिकपणा हवाच. पण वस्तू कुठली, चौकट कुठली, कुठली रात्र, किती वेळ आणि त्या काळ्या फाइलमधून काय वर काढायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवलेलं माझं असतं.

हे बाबांना नंतर सांगितलं, स्टेलॅरियममध्ये चौकोन फिरवून दाखवला. त्यांनी माउस हातात घेतला आणि मोठ्या मॅगेलनी मेघाजवळ, म्हणजे आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेजवळ, गेले. लहानपणी कुठेतरी वाचलेलं, आपल्याकडून तो क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर येतो, म्हणजे डोंबिवलीतून कधीच दिसणार नाही. सगळा मेघ दहा अंशांचा, तो काही एका चौकटीत येत नाही, मग त्यातला टॅरंट्युला तेजोमेघ मधोमध ठेवला, ५३० मिलिमीटरची दुर्बीण, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे फिल्टर. मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपासच्या रविवारी, आपल्या सकाळी दहाच्या सुमाराला तो चिलीत सगळ्यात वर असेल. नऊ ते साडेअकरा बुकिंग केलंय, फॉर्ममधले आकडे त्यांनीच भरलेत आणि डिथरची खूणही.